संगणकाची स्मृती : जुळणी, वेग आणि विश्वासार्हता

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. ब्रुसेल्स परिसरातील स्कारबेक या नगरपालिका क्षेत्रात मतदान इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्यात आले होते. बेरजेचे आकडे हाती आले तेव्हा एका उमेदवाराच्या नावापुढे गणिताने शक्यच नसलेली मतसंख्या दिसू लागली. चुंबकीय कार्डांवरून फेरमोजणी करण्यात आली आणि दोन्ही बेरजांमध्ये नेमका ४०९६ मतांचा फरक आढळला. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा आकडा पाहताच शंका यावी, कारण ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. द्विमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येतील केवळ एका स्थानावरचे शून्य पुसले जाऊन तेथे एक आला, तर संख्या नेमकी ४०९६ ने वाढते. आज्ञावलीत दोष सापडला नाही. यंत्राच्या स्मृतीतील एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. त्यामागे वैश्विक किरण असावेत हा तर्कही तेव्हापासून सांगितला जातो. अर्थात अशा क्षणिक घटनेचा पुरावा मागे उरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात ‘रॅम ही अस्थायी स्मृती असून वीज जाताच तिच्यातील माहिती नष्ट होते’ हे वाक्य पाठ केले जाते आणि विषय तेथेच संपतो. वाक्य बरोबर आहे, मात्र अपुरे आहे. वीज चालू असतानाही ही स्मृती दर क्षणाला विसरत असते आणि तिला दर क्षणाला आठवण करून द्यावी लागते, ही तिची खरी ओळख होय. संगणक सुटे भाग जोडून तयार करताना स्मृतीची जी कालमापे, जो वेग आणि जो विद्युत्दाब ठरविला जातो, त्या साऱ्याचे मूळ या विसराळूपणात आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, या बाजारांतून असे असेंबल केलेले संगणक घरोघरी, सायबर कॅफेत, शिकवणीवर्गांत आणि लहानमोठ्या कार्यालयांत पोहोचले आहेत. त्यांपैकी अनेकांत स्मृतीची मांडणी ज्या स्थितीत कारखान्यातून आली त्याच स्थितीत वर्षानुवर्षे राहते. ग्राहकाने ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग त्याला मिळत नाही, आणि मिळत नाही हे त्याला कळतही नाही.

आयबीएम या संस्थेतील संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका साध्या रचनेचे पेटंट मिळाले : एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर एक बिट साठवायचा. धारित्रात विद्युत्भार असेल तर एक, नसेल तर शून्य. आजची प्रत्येक रॅम याच रचनेची वंशज आहे. हे धारित्र अतिशय सूक्ष्म असल्याने त्यातील भार गळत राहतो. तो पूर्ण ओसरण्यापूर्वी वाचून पुन्हा भरावा लागतो आणि या क्रियेला पुनर्भरण म्हणता येईल. डीडीआर-४ पर्यंतच्या स्मृतींसाठी मानक असे की, चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसपर्यंत असेल तर ६४ मिलिसेकंदांत सर्व ओळींचे पुनर्भरण झाले पाहिजे. त्यासाठी सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी एक पुनर्भरण आज्ञा द्यावी लागते. तापमान ८५ अंशांवर गेले तर हे काम दुप्पट वेगाने करावे लागते. उष्णता वाढली की भार लवकर गळतो, हे त्याचे कारण. चुरू किंवा चंद्रपूर येथील मे महिन्यातील दुपार, धूळ साचलेले कॅबिनेट आणि बंद पडलेला पंखा असा योग जुळून आला, तर या नियमाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

कालमापांचा विषय मात्र थोडा सविस्तर पाहावा लागेल. रॅमच्या पट्टीवरील चिटकवलेल्या कागदावर १६-१८-१८-३८ असे चार आकडे छापलेले असतात. बाजारात त्यांची चर्चा होते, मात्र अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादा कागद हवा असेल तर प्रथम योग्य रुमाल काढून सोडावा लागतो, मग त्यातून नेमका कागद शोधावा लागतो. दुसऱ्या रुमालातील कागद हवा असल्यास पहिला रुमाल नीट बांधून ठेवावा लागतो. स्मृतीचिपमध्येही बिट ओळी आणि स्तंभ यांत मांडलेले असतात. ओळ उघडणे म्हणजे रुमाल सोडणे, स्तंभ निवडणे म्हणजे कागद काढणे आणि ओळ मिटवणे म्हणजे रुमाल पुन्हा बांधणे. चार आकड्यांतील पहिला आकडा ओळ उघडी असताना स्तंभ मागितल्यापासून माहिती बाहेर येईपर्यंतचा विलंब दर्शवितो. दुसरा आकडा ओळ उघडण्यास लागणारा अवधी, तिसरा ओळ मिटविण्याचा अवधी, तर चौथा ओळ किमान किती काळ उघडी राहिली पाहिजे हे सांगतो. हा चौथा नियम यासाठी की, या प्रकारच्या स्मृतीत वाचन करताच धारित्रातील भार नाहीसा होतो. वाचलेले पुन्हा जागेवर लिहून होईपर्यंत ओळ मिटविता येत नाही. रुमाल अर्धवट बांधला तर कागद गहाळ व्हावेत, तसेच हे आहे.

हे आकडे सेकंदांत नसून घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेले असतात. येथेच मोठा गैरसमज होतो. ‘डीडीआर-४ ३२००’ असे लिहिलेल्या स्मृतीचे घड्याळ ३२०० मेगाहर्ट्झचे नसून १६०० मेगाहर्ट्झचे असते. प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठविली जात असल्याने सेकंदाला ३२०० दशलक्ष स्थानांतरणे होतात. ‘दुहेरी माहिती दर’ या नावाचा अर्थ हाच. १६०० मेगाहर्ट्झचा एक ठोका म्हणजे ०.६२५ नॅनोसेकंद. पहिले कालमाप १६ असेल तर विलंब १० नॅनोसेकंद भरतो. उलट २१३३ वेगाच्या स्मृतीत पहिले कालमाप १५ असले, म्हणजे आकडा लहान असला, तरी प्रत्यक्ष विलंब सुमारे १४ नॅनोसेकंद होतो. ‘कमी आकडा म्हणजे जलद’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे. आकड्याला ठोक्याच्या लांबीने गुणल्यावाचून तुलना करता येत नाही.

हेच गणित थोडे पुढे नेले तर एक रोचक गोष्ट हाती लागते. डीडीआर-३ च्या काळातील १६०० वेगाच्या, ११ कालमापाच्या स्मृतीचा विलंब १३.७५ नॅनोसेकंद होता. डीडीआर-४ मधील ३२०० वेगाच्या, अधिकृत २२ कालमापाच्या स्मृतीचा विलंबही १३.७५ नॅनोसेकंदच आहे. एका पिढीच्या अंतराने माहिती वाहून नेण्याची क्षमता एका मार्गिकेमागे सेकंदाला १२.८ जीबीवरून २५.६ जीबीवर गेली. पहिला शब्द हाती येण्यास लागणारा वेळ तसूभरही कमी झाला नाही. रस्ता दुप्पट रुंद झाला, टोलनाक्यावरील थांबा तेवढाच राहिला. प्रोसेसरमध्ये कॅश नावाची लहान पण अतिजलद स्मृती का वाढत गेली, याचे एक महत्त्वाचे कारण या दोन आकड्यांत आहे. ओळ बदलावी लागली तर थांबा आणखी लांबतो : १६-१८-१८ या कालमापांनुसार जुनी ओळ मिटविणे, नवी उघडणे आणि स्तंभ वाचणे मिळून ५२ ठोके, म्हणजे ३२.५ नॅनोसेकंद लागतात.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळता येईल. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी स्वतंत्र चिप असते. तिच्यात त्या पट्टीची क्षमता, वेग आणि कालमापे नोंदलेली असतात. तिला पट्टीचे ओळखपत्र म्हणण्यास हरकत नाही. संगणक सुरू होताच बायोस ही नोंद वाचते. या नोंदीत दोन प्रकारचा मजकूर असू शकतो. एक, जेडेक या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने ठरविलेली सुरक्षित मापे. दुसरा, पट्टीच्या उत्पादकाने स्वतः तपासून दिलेली अधिक वेगाची मापे. या दुसऱ्या प्रकारासाठी इंटेलने २००७ मध्ये डीडीआर-३ च्या काळात एक्सएमपी ही पद्धत आणली, तर एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी एक्स्पो ही पद्धत सुरू केली. बायोस आपणहून नेहमी पहिलाच मजकूर मानते. त्यामुळे खोक्यावर ३२०० लिहिलेली एक्सएमपी प्रकारची डीडीआर-४ पट्टी बसविल्यावर संगणक बहुधा २१३३ किंवा २४०० वेगाने सुरू होतो. डीडीआर-५ मध्ये ६००० ची पट्टी ४८०० वर सुरू झालेली दिसते. जुळणी करणाऱ्याने बायोसमध्ये जाऊन योग्य पर्याय निवडला नाही, तर संगणक आयुष्यभर त्याच वेगाने चालतो. तक्रार करण्याजोगे काही बिघडलेले नसते, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही.

हा पर्याय निवडणे प्रोसेसर उत्पादकांच्या परिभाषेत अधिकृत मर्यादेपलीकडचे पाऊल, म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’ ठरते. यात एक बारीक भेद आहे. जेडेकच्या अधिकृत ३२०० मापाने चालणाऱ्या, २२ कालमापाच्या साध्या पट्ट्याही मिळतात. प्रोसेसर व मदरबोर्ड त्या वेगास अनुकूल असतील तर काहीही न बदलता त्या ३२०० वर चालतात. त्यांना १.२ व्होल्ट पुरतात. १६ कालमापाच्या ३२०० पट्टीला सामान्यतः १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. म्हणजे खोक्यावरचा एकच आकडा दोन अगदी निराळ्या वस्तू दाखवू शकतो. खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे; सहसा विचारला जातो तो फक्त ‘किती जीबी?’ हा प्रश्न.

मदरबोर्डची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. २०२० मध्ये आलेल्या इंटेलच्या दहाव्या पिढीतील आय-५ १०४०० हा प्रोसेसर बी-४६० किंवा एच-४१० चिपसंचाच्या मदरबोर्डवर बसविला, तर स्मृती २६६६ च्या पुढे जाऊ शकत नव्हती. त्यावर ३२०० ची महाग पट्टी घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होते. २०२१ च्या बी-५६० चिपसंचापासून ही अट सैल झाली. असे तपशील निविदा लिहिणाऱ्यास ठाऊक असतील अशी अपेक्षा करणे गैर नाही. सार्वजनिक पैशाने शाळांसाठी शेकडो संगणक घेतले जातात तेव्हा तर नाहीच नाही.

वेगाइतकाच, किंबहुना सामान्य वापरात त्याहून मोठा फरक पडतो तो मार्गिकांमुळे. घरगुती व कार्यालयीन प्रोसेसरला स्मृतीकडे जाणाऱ्या दोन मार्गिका असतात. एकच पट्टी बसविली तर एकच मार्गिका वापरात येते. ३२०० वेगाला सेकंदाला २५.६ जीबी. समान क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य जागी बसविल्या तर हीच कमाल क्षमता ५१.२ जीबी होते. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर योग्य जागा म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजता दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिला आणि दुसरा असे शेजारचे स्लॉट सोयीचे वाटतात. तेथे दोन पट्ट्या बसविल्या की संगणक सुरू होतो, १६ जीबीची नोंदही बरोबर दिसते आणि तरीही दोन्ही पट्ट्या एकाच मार्गिकेवर रांगेत उभ्या असतात. मदरबोर्डसोबत येणारी पुस्तिका उघडून पाहिल्यास ही चूक होत नाही. पण ती पुस्तिका बहुधा खोक्यातच राहते.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो आणि भारतातील शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांत असेच संगणक मोठ्या प्रमाणावर असतात. तेथे पडद्यावरील चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो आणि तो मुख्य स्मृतीच वापरतो. एकाच मार्गिकेवर प्रोसेसर आणि चित्रविभाग दोघेही अवलंबून राहिले तर चित्रफिती, नकाशे, त्रिमितीय आकृत्या रेंगाळू लागतात. पत्रलेखन किंवा आकडेवारीचा साधा तक्ता करताना मात्र एरवीचा फरक फारसा दिसणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेगाचे महत्त्व वाढवून सांगणाऱ्या जाहिराती खेळांचे आकडे दाखवितात; तलाठी कार्यालयाचे दाखवीत नाहीत.

येथे एक खरा पेच उभा राहतो. दोनच स्लॉट असलेल्या स्वस्त मदरबोर्डवर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात की १६ जीबीची एक? दोन घेतल्या तर आज वेग मिळतो, पण पुढे स्मृती वाढविताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात. एक घेतली तर आजचा वेग निम्म्यावर येतो, पण एक जागा मोकळी राहते. ‘पुढच्या वर्षी दुसरी पट्टी घेऊ’ असे म्हणून मोकळी ठेवलेली जागा मोकळीच राहते, हा कार्यालयीन संगणकांच्या बाबतीतला नित्याचा प्रकार असल्याने सामान्यतः दोन पट्ट्यांचा पर्याय अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. निविदेत केवळ ‘१६ जीबी रॅम’ एवढेच लिहिले असेल तर पुरवठादार स्वतःच्या सोयीचा पर्याय निवडणार, यात त्याचा दोष नाही. ‘दोन पट्ट्या, दुहेरी मार्गिका, अमुक वेगाने प्रत्यक्ष चालू स्थितीत’ असे शब्द घातले की काम भागते. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजरच्या स्मृतीविषयक पानावर चालू वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. लिनक्स प्रणालीत डीएमआयडीकोड ही आज्ञा हीच माहिती देते. माल स्वीकारताना ही तपासणी मिनिटभरात उरकते.

दोन चांगल्या तर चार अधिक चांगल्या, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण पट्ट्या वाढल्या की प्रत्येक मार्गिकेवरील विद्युत् बोजा वाढतो आणि संकेत अस्पष्ट होतात. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० असून चार पट्ट्यांना ती ३६०० वर उतरते. अधिक क्षमता हवी असल्यास मोठ्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घेणे बरे. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या दुकानांतून घेतलेल्या पट्ट्या एकत्र चालल्या तर चालतात; चालतील असे मात्र कोणी सांगू शकत नाही, कारण सर्वांना सामावून घेणारी संथ मापे बायोसला निवडावी लागतात.

जुळणी करताना होणाऱ्या चुकांत सर्वांत महागडी चूक घाईची आहे. डीडीआर-५ असलेला नवा संगणक प्रथमच सुरू केला की पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. या वेळात मदरबोर्ड प्रत्येक तारेवरील संकेताची वेळ जुळवून घेत असतो, ज्याला प्रशिक्षण असे नाव आहे. अननुभवी माणूस संगणक बिघडला समजून वीज बंद करतो, पुन्हा चालू करतो आणि प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निवडलेली मापे पेलली नाहीत तर संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी मदरबोर्डवरील खुणेच्या जागी दोन पिना क्षणभर जोडून, किंवा वीज तोडून नाण्याच्या आकाराचा सेल काही मिनिटे काढून ठेवून, बायोस मूळ स्थितीत आणता येते. पावसाळ्यात जुना संगणक सुरू होईना की पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून पुन्हा बसविण्याचा जो रिवाज देशभर आहे, तो हास्यास्पद नाही. दमट हवेत संपर्कावर साचलेला थर त्याने निघतो आणि पट्टी पुन्हा घट्ट बसते. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ नये आणि हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत् उतरवावी, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

विद्युत्दाबाच्या बाबतीत मात्र प्रयोग करू नयेत. डीडीआरच्या पहिल्या पिढीला २.५ व्होल्ट लागत, पुढे १.८, १.५, १.२ असे उतरत डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट पुरू लागले. ऊर्जाबचतीचा हा प्रवास उलट दिशेने फिरविल्यास थोडा वेग मिळतो, पण धोकाही येतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. स्मृतीचा वेगवान पर्याय निवडताच काही मदरबोर्ड प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रकाच्या भागाला अधिक दाब देत होते. एएमडीने बायोसच्या नव्या आवृत्त्यांद्वारे त्या दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. वेगाचा पर्याय निवडण्यापूर्वी बायोस अद्ययावत करणे हा त्यानंतर उपचार न राहता आवश्यक टप्पा झाला. बायोस अद्ययावत करताना वीज जाणे परवडत नाही, तेव्हा यूपीएस जोडलेला असावा.

वेग मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. अस्थिर स्मृतीचा खरा उपद्रव संगणक बंद पडण्यात नसतो. निळा पडदा आला तर निदान दोष कळतो. पण एखादा बिट चुकून उलटला आणि ती चुकीची संख्या तशीच चकतीवर लिहिली गेली, तर पुढे ती खरी म्हणूनच वावरते. तिच्या प्रतीही तशाच निघतात. शिष्यवृत्तीच्या यादीतील एक रक्कम, प्रयोगशाळेच्या अहवालातील एक अंक किंवा स्कारबेकसारखी मतांची बेरीज. म्हणून कालमापे बदलल्यावर मेमटेस्ट८६+ सारखी विनामूल्य चाचणी रात्रभर चालवावी आणि तीत एकही चूक निघाली तर वेग कमी करावा. ‘एवढ्या तासांत एकच चूक’ हे समाधान मानण्याजोगे नाही. जमल्यास ही चाचणी उन्हाळ्यातील दुपारी घ्यावी. पुनर्भरणाचे अंतर लांबवून थोडा वेग कमावण्याची जी हौशी मंडळींची पद्धत आहे, ती जानेवारीच्या रात्री यशस्वी ठरते आणि मे महिन्यात दगा देते.

अचूकतेसाठी निराळी स्मृतीही उपलब्ध आहे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धत मांडली. तिच्या आधारे ६४ बिटांसोबत आणखी ८ बिट साठविले तर एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखता येते. सर्व्हरमध्ये अशीच स्मृती वापरतात. गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या सहभागाने झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुकांची नोंद आढळली. त्याआधी अशा चुका फार विरळा मानल्या जात. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल यांच्या संशोधकांनी तर निराळाच धोका दाखवून दिला : एकच ओळ अतिजलद पुनःपुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतील बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हा दोष निघाला. पुनर्भरणाचा वेग वाढविणे हा त्यावरील पहिल्या उपायांपैकी एक होता. डीडीआर-५ मध्ये प्रत्येक चिपच्या आत दुरुस्तीची सोय असते, त्यावरून ‘डीडीआर-५ ला निराळी दुरुस्ती नको’ असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. चिपच्या आतील सोय चिपबाहेर, वाटेत झालेल्या चुकीस हात लावू शकत नाही. जेथे हिशेब, मतमोजणी किंवा रुग्णांच्या नोंदी आहेत, तेथे वेगापेक्षा ही स्मृती आणि जेडेकची मूळ मापे हीच निवड योग्य होय. सर्वच प्रोसेसर व मदरबोर्ड तिला अनुकूल नसतात, तेव्हा हा निर्णय खरेदीच्या आधी घ्यावा लागतो.

या पट्ट्यांवरील चिप येतात कोठून? जगातील रॅमचे उत्पादन प्रामुख्याने दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढली आणि साध्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. एका बाजूला मूठभर उत्पादक आणि दुसऱ्या बाजूला १९९७ पासून माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य असलेला, बहुतांश आयातीवर अवलंबून राहिलेला भारतासारखा देश, असे हे चित्र आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीचा अर्धवाहक कार्यक्रम मंजूर केला. त्याअंतर्गत जून २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनच्या २२,५१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता मिळाली. प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के साहाय्य केंद्राचे आणि २० टक्के राज्याचे. परीक्षार्थींनी येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी : साणंदचा प्रकल्प चिप घडविण्याचा नाही. परदेशात तयार झालेल्या वेफरवरील चिप वेगळ्या करणे, त्यांची जुळणी, चाचणी, अंकन आणि वेष्टन ही कामे तेथे करावयाची, अशी त्याची योजना आहे. डेनार्ड यांची ती सूक्ष्म धारित्रे सिलिकॉनवर कोरण्याचे काम त्या प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या धोलेरा येथील टाटांच्या कारखान्यात वेफर तयार व्हावयाचे आहेत. मात्र त्याचा भर २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या तंत्रज्ञानाच्या अन्य चिपवर आहे, रॅमवर नाही.